मोरीच्या पाइपातली ऊब

आमचे हे कारखान्यात बॉयलर सांभाळतात. तिथे जराशी ऊब वाया गेली की यांचा जीव खालीवर होतो. घरातला गीझर मात्र एवढासा. पहिली बादली सासूबाईंची, दुसरी यांची आणि तिसरी, म्हणजे गार, माझी. थंडीत माझी बोटं अशी आखडतात की साधं बटण लावता येत नाही.

"मोठा गीझर आणा," एवढंच म्हटलं होतं मी. पण सरळ वाटेनं जातील तर ते हे कसले!

"अगं, आंघोळीची सगळी ऊब मोरीतून वाहून जाते. ती धरायची!" झालं. मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या मोरीच्या पाइपाला यांनी तांब्याची नळी गुंडाळली आणि गीझरला जाणारं पाणी तिच्यातून फिरवलं. सासूबाई किंचाळल्या, "म्हणजे माझ्या आंघोळीचं पाणी हिच्या अंगावर?" दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, हे त्यांना पटवण्यात अख्खा रविवार गेला.

सोमवारी माझी बादली गारच. हे नळीकडे टक लावून बसले. शेवटी मीच म्हटलं, "अहो, आपण आधी बादली भरतो, नळ बंद करतो, मग आंघोळ करतो. मोरी वाहते तेव्हा तुमच्या नळीत पाणी हलतंय कुठे?" कारखान्यात पाणी अखंड वाहतं. घरी जन्मभर बादलीनं आंघोळ केली, पण साहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग फर्मान सुटलं: स्वतःची आंघोळ चालू असताना पुढच्याची बादली भरायची. आणि काय सांगू, माझी बादली चक्क वाफाळती! हे छाती काढून हिंडले, शेजाऱ्यांना पाइप दाखवून आले. मीही तोंडभर कौतुक केलं. बोटं मोकळी झाली होती, खोटं कशाला बोलू?

परवा हे आंघोळीला गेले असताना मी मागे कपडे वाळत घालत होते. सहज पाइपाला हात लावला. गारढोण! आत पाणी तर धो धो वाहत होतं. म्हणजे हे महाशय थंड पाणी अंगावर घेत होते आणि गीझर माझ्यासाठी राखत होते. नळी चालतेय कसली, कपाळ!

असा राग आला म्हणून सांगू! आणि डोळे भरून आले ते वेगळंच.

हे बाहेर आले, ओठ निळे. "काय मग? आहे ना गरम?"

"आहे की," मी म्हटलं. "उद्यापासून तुमच्या आधी मी जाणार. तुमची बादली मी भरते. बघू, तुमची नळी तुम्हाला तरी पावते का."

हे टॉवेलात तोंड खुपसून बराच वेळ डोकं पुसत राहिले.