माचय्याने मधोमध कापलेली खाच

विराजपेटेत माझं शिंप्याचं दुकान आणि माचय्याचं बंदुकांचं दुकान, मध्ये एक भिंत. तीस वर्षं मी त्याची कानस ऐकत आलो. जुन्या लष्करी रायफलींच्या नळीवर मागच्या बाजूला वर-खाली सरकणारी लहानशी शिडी असते. तिच्या पट्टीला एक खाच असते. त्या खाचेतून नळीच्या टोकावरचा खुंटीसारखा उंचवटा, म्हणजे माशी, बघायची आणि नेम धरायचा. ही शिडी दुरुस्त करण्यात माचय्याचा हात धरणारा अख्ख्या कोडगू जिल्ह्यात नव्हता. "नळी काय, कुणीही ठोकतो. खाच कापायला डोकं लागतं," असं तो म्हणायचा आणि मुद्दाम माझ्या कात्रीकडे बघायचा. खडूस माणूस, पण मला आवडायचा.

गेल्या वर्षभरात त्याचं काहीतरी बिघडलं होतं. चहा प्यायलेला असूनही पुन्हा चहा मागायचा. मी चेष्टा करायचो. आता त्या चेष्टेची लाज वाटते.

ऑगस्टच्या शेवटी चोंदम्मा तिच्या आजोबांची, उत्तय्यांची जुनी मार्टिनी रायफल घेऊन आली. शिडी गंजून घट्ट बसली होती. उत्तय्या वारल्यापासून त्या रायफलीवर काका बेळ्ळियप्पाचा डोळा होता. शेवटी आजीनेच ठरवलं: कैलपोळ्दूच्या, म्हणजे शस्त्रपूजेच्या सणाला नात झाडावरच्या नारळावर तीन गोळ्या झाडेल, नारळ फुटला तर रायफल तिची, नाहीतर काकाची.

माचय्याने गंज काढला आणि मला हाक मारली. "हे बघ. खाच तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे. कुठल्या आंधळ्यानं कापली असेल?" जुनी खाच त्याने पितळ ओतून बुजवली आणि बरोबर मधोमध नवी कापली.

चोंदम्मा न्यायला आली तेव्हा म्हणाली, "अज्जा, एकदा झाडून बघू?"

"आज देवघरात ठेवायचीय ना? मग वेळ कुठाय? माझ्या खाचेवर भरवसा नाही का तुझा?"

एकदा बंदूक देवघरात गेली की सणाच्या दिवशी घरच्या वडीलधाऱ्यांनी हातात देईपर्यंत तिला कुणी शिवत नाही. रायफल एकदाही न झाडता आत गेली.

सणाच्या दिवशी नळीत कळलावीचं फूल खोचून आजीने रायफल नातीच्या हातात दिली. तिन्ही गोळ्या नारळाच्या उजवीकडून गेल्या. बेळ्ळियप्पा डुकराचं मटण चघळत म्हणाला, "पोरी, तुझ्या हातात पळीच शोभते." चोंदम्माने रायफल त्याच्यासमोर ठेवली आणि आत निघून गेली. माचय्या माझ्या शेजारीच होता. पुटपुटला, "तिन्ही उजवीकडून कशा गेल्या?"

दुसऱ्या दिवशी तेलपाणी करतो असं सांगून त्याने काकाकडून रायफल आणली. शिडीवरची पट्टी बाहेर काढून पालथी केली. जुनं काळं किटण खरवडलं तर खाली तीन ठिपके निघाले. आपल्या प्रत्येक कामाखाली तो असेच तीन ठिपके ठोकायचा. मग त्याने नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. नळी किंचित वाकलेली होती.

"हे माझंच काम आहे," तो म्हणाला. "नळी वाकडी, म्हणून खाच मीच डावीकडे घेतली असणार. उत्तय्यानं माझ्याकडूनच करून घेतली असेल. मला काही आठवत नाही रे."

मी त्याला काय सांगितलं ते लपवत नाही. म्हणालो, "गप्प बस. कोण बघतंय पट्टी उलटी करून? बोललास तर उद्यापासून तुझ्या दारात बंदूक यायची नाही."

"आणि पोरीला आयुष्यभर वाटत राहील की तिचा हातच खोटा आहे."

चार दिवस त्याच्या दुकानातून कानसेचा आवाज आला नाही. पाचव्या दिवशी रायफल खांद्यावर घेऊन तो चढण चढून चोंदम्माच्या घरी गेला. मीही मागोमाग गेलो. घरचे जेवत होते. उंबऱ्यात उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं आणि पट्टी उलटी करून ठिपके दाखवले. बेळ्ळियप्पाने विचारलं, "आता तुझ्याकडे बंदूक कोण आणेल, माचय्या?"

"कुणी आणू नये," माचय्या म्हणाला.

आजीने रायफल उचलली आणि नातीकडे दिली. चोंदम्माने ती माचय्यापुढे धरली. "अज्जा, खाच परत तिथेच कापून द्या."

"मी नाही. मी सांगतो, तू काप." त्याने खिशातली बारीक कानस तिला दिली. संध्याकाळपर्यंत तो सांगत राहिला, ती घासत राहिली. अंगणातून तिने झाडलेल्या दुसऱ्याच गोळीला नारळ फुटला. माचय्या पोरासारखा हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात नव्हता. मी धावत चढण चढलो. तो चोंदम्माच्या उंबऱ्यात उभा होता, टोपी हातात घेऊन.

"पोरी, माझ्या हातून एक चूक झालीय," तो सांगत होता. "ती खाच मीच कापली होती. मला आठवलंच नाही."

हे तू कालच सांगितलंस, असं मी म्हणणार होतो. चोंदम्माने माझ्याकडे पाहिलं आणि हातानेच थांबवलं. मग तिने त्याला ओट्यावर बसवलं, समोर बसली आणि त्याचं सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलंत, अज्जा," ती म्हणाली.