सोळाशे म्हणजे सहा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवलच — कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या कवठे महांकाळला ठाऊक. सियाचिनला मिशीवरचा बर्फ मोडून मी पलटणीचा चहा केला, ही माझीच थाप. खरं सांगू? दोन वर्षं मी साताऱ्यात एका खानावळीत कांदे चिरले. सुट्टीवरचे जवान तिथे जेवायला यायचे. माझी फौज ती एवढीच.

पण गावाला मी फौजी. म्हणून तर सुरेशचा निरोप माझ्या मोबाइलवर आला. शेजारच्या सखूवहिनींचा हा मुलगा, खराखुरा जवान. आपल्या मनाने लग्न केलं, म्हणून मायलेकांत दोन वर्षं अबोला. निरोप एवढाच — उद्या पलटण सरहद्दीला चाललीय, गाडी सोळाशेला मिरजेत दहा मिनिटं थांबेल, आईला यायचं असलं तर आण.

मी वहिनींना निरोप वाचून दाखवला. सोळाशे! सोळातला एक मी उडवला, सहा ठेवले. "संध्याकाळी सहा, वहिनी."

वहिनींनी बोटं मोजली. "आवं भाऊजी, बाराच्या म्होरं मोजलं तर चार येत्यात की."

"फौजेचं घड्याळ निराळं असतंय. तुमाला काय कळतंय त्यातलं?" मी हसलो. लय हसलो. दुसऱ्या दिवशी त्या बाराच्या एसटीसाठी आवरून बसल्या होत्या — मीच थांबवलं.

साडेपाचला आम्ही फलाटावर. चहावाला म्हणाला, "फौजेची गाडी? चारलाच गेली की." हे मी एकट्याने ऐकलं. वहिनी लांब बाकावर होत्या, मांडीवर लाडवांचा डबा. तेव्हाच बोललो असतो तर? माझं काय गेलं असतं — फौजीपणच ना? मी थापच मारली, गाडीला उशीर आहे म्हणून. मग म्हणालो, दुसरीकडून वळवली.

परतताना एसटीत सुरेशचा मेसेज आला — आई नाही ना आली? मी लिहिलं, नाही.

नंतर त्याचा फोन आला नाही. वहिनी वाट बघत राहिल्या, आणि माघात गेल्या. दहाव्याला आलेला सुरेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, धा मिन्टं डब्याच्या दारातनं हाललो न्हाई. तिला यावंसंच वाटलं न्हाई व्हय?"

"न्हाई वाटलं रं," मी म्हणालो.

वहिनी त्या बाकावर फलाटाचे दिवे लागेपर्यंत बसल्या होत्या. मी दोनदा हात धरून उठवलं, तेव्हा उठल्या. सुरेशला हे अजून ठाऊक नाही.