अडीनडीची शीशी

देवराव गजभिये भूतखेत मानत नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. छप्पन साली त्यांच्या बापाने दीक्षा घेतली अन् घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे देव नाग नदीत सोडून दिले. अशा घरचा माणूस, नागपूरच्या इतवारीत एका औषधाच्या दुकानात कंपाउंडर. तरी दर मे महिन्यात एक मेलेली बाई दुकानाच्या दाराशी येऊन त्यांना एक प्रश्न विचारायची, अन् देवराव उत्तर द्यायचे. दारात येऊन कोणी विचारलं तर उत्तर द्यावंच लागते ना.

त्याचं असं झालं. एकोणसत्तर साल. उन्हाळ्यात दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. मालक गणपतराव घरी जाऊन झोपायचे, देवराव दुकानातच मागच्या खोलीत ओलं पोतं अंथरून आडवे व्हायचे. मालकाचा हुकूम होता की चारच्या आत दार उघडायचं नाही, साक्षात ब्रह्मदेव आला तरी. एका दुपारी अडीचला कडी वाजली. खूप वेळ वाजली. देवराव तेव्हा पंचविशीचे, नोकरी नवीन. पडून राहिले.

चार वाजता दार उघडलं तर पायरीवर दगडाखाली डॉक्टरची चिठ्ठी. इन्सुलिन, ताबडतोब. नाव कौसल्या, वय अकरा, मुक्काम कामठी. देवरावांनी शीशी ओल्या फडक्यात गुंडाळली अन् धावत कामठीची बस पकडली. घर विचारावं लागलं नाही, रडणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं. पोरीची आई तुळसाबाई त्यांच्या हातातल्या शीशीकडे नुसती पाहत राहिली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पावसाळा संपायच्या आत तीही गेली.

तेव्हापासून देवरावांनी एक रीत धरली. दुकानात इन्सुलिनच्या शीश्या किती का असेनात, शेवटची विकायची नाही. ती अडीनडीची. मागच्या खोलीत ओल्या वाळूत रोवलेल्या माठात ती ठेवलेली असायची, अन् वाळूवर दिवसातून तीनदा पाणी. ती कोणाला द्यावी लागली तर दिवस मावळायच्या आत तिच्या जागी दुसरी. अन् दुपारी कडी वाजली की पहिल्या आवाजाला उठायचं. गणपतराव कुरकुरले, मग गप्प बसले.

पुढच्या मे महिन्यात भर दुपारी कडी वाजली. देवरावांनी दार उघडलं तर समोर तुळसाबाई. रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं, लोकांच्या चपला त्यात रुतून बसत होत्या, अन् ही बाई तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी. पाय जरासुद्धा हलवत नव्हती.

"भाऊ, आहे का जी शीशी?"

आत जाऊन त्यांनी माठात हात घातला, शीशी चाचपली. "आहे, बाई."

ती वळली अन् चालू लागली. मऊ डांबरावर तिच्या पायाचा एकही ठसा उमटला नाही.

मग दरवर्षी एकदा. देवराव भ्यायचे, लपवायचं कशाला. एप्रिल सरला की घास गिळवत नसे. "काहून इतके सुकून राहिले जी तुम्ही?" बायको जयवंता विचारायची. ते म्हणायचे, ऊन. दुसरं काय सांगणार?

अठ्ठ्याहत्तर साली मालकाचा पोरगा मुकुंद गल्ल्यावर बसू लागला अन् मे महिन्यात त्याने दुकानात फ्रिज आणला. पोरगा वाईट नव्हता, पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. "देवराव, तुमचा माठ आता पुरे. ती शीशी मी सकाळीच आत ठेवून दिली, एकदम थंड जागी." देवरावांनी मान डोलावली. बघितलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा बघितलं नाही.

त्याच दुपारी कडी वाजली.

"भाऊ, आहे का जी शीशी?"

"आहे, बाई," देवराव दारातूनच म्हणाले.

तुळसाबाई वळली नाही. खाली बसली, पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी जाऊन फ्रिज उघडला. फळ्यांवर शीशी नव्हती. वर बर्फाचा कप्पा होता, त्यात ती, दुकानात उरलेली एकुलती एक, बर्फाला चिकटून बसलेली. आतलं औषध दगडासारखं गोठलेलं. नागपूरच्या उन्हाळ्यात जितकं थंड तितकं चांगलं असं कोणालाही वाटते. पण गोठलेलं इन्सुलिन वितळवून टोचलं काय अन् न टोचलं काय, सारखंच.

शीशी मागायला कोणीतरी वाटेत आहे, हे देवरावांना कळून चुकलं. त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला अन् सायकल काढली. तिच्या बाजूने उतरताना भर उन्हात ओल्या मातीचा गारवा अंगाला लागला. "बसा, बाई," ते म्हणाले, "मी आणतो." दार त्यांनी ओढून घेतलं.

सीताबर्डीला रामाजी कंपाउंडर होता, तोही दुकानातच झोपायचा. दार ठोठावून त्याला उठवलं.

"कोणाले पाहिजे?" रामाजी डोळे चोळत म्हणाला.

"तो आला नाही अजून."

रामाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग शीशी काढून दिली.

देवराव परतले तेव्हा पायरीवर तुळसाबाई नव्हती. धुळीने माखलेला एक माणूस बसला होता, हातात चिठ्ठी. देवाजी नाव, पारशिवनीहून बसने आलेला. पोरगी पलीकडच्या गल्लीत डॉक्टरांकडे बेशुद्ध पडलेली, अन् डॉक्टरांजवळ इन्सुलिन नव्हतं. दोघं धावतच गेले. डॉक्टरांनी सुई टोचली, सलाईन लावलं, अन् बाहेर बसा म्हणाले.

दोघं बाकावर बसले. तास गेला, दुसरा गेला. देवाजी आपलं मनगट चोळत होता.

"दार बंद दिसलं तं मी परत चाललो होतो जी," तो म्हणाला. "तिथं एक बाई बसली होती, तिनं हात धरून बसवलं. लय थंडा हात होता तिचा."

"काही म्हणाली?" देवरावांनी विचारलं.

"म्हणे, बस गा. माह्या वेळी यानं नाही उघडलं. पण आता उघडते."

देवरावांनी दुपट्ट्यात तोंड खुपसलं अन् हुंदके देऊन रडले. देवाजी गांगरून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. तेवढ्यात आतून पोरीने पाणी मागितलं.