थरथरत्या हाताचा सूर

भर वरातीत माझा सूर फुटला अन् नवरदेव घोड्यावरून वळून बघायला लागला. आज मांडीवर बाळ घेऊन माझ्या वडिलांचं, आप्पांचं ट्रम्पेट पुसताना पितळेचा वास आला, तर ती वरात परत डोळ्यांपुढं आली.

तेव्हा मी चौदा वर्षांची. आप्पांचा ओठ फाटलेला, खाडा केला तर बँडमधलं काम जाणार, म्हणून धायरी गावातल्या त्या वरातीत त्यांच्या जागी मी. सूर झुलवायला, म्हणजे लांबवलेल्या सुराला कंप द्यायला, जबडा हलवायचा, नाहीतर पोटातनं श्वास हलवायचा, असं त्यांनी शिकवलेलं. मला दोन्ही येईना.

"थांबू नको गं, फुंक!" सूर फुटला तसे आप्पा कानाशी म्हणाले.

फुंकलं. भीतीनं हात थरथरला, त्यानं ट्रम्पेट हललं, अन् सूर असा झुलला की नाचणारेसुद्धा थबकले. एवढं सुंदर माझ्यातनं निघालं?

आप्पा हसले. "ही तिसरी तऱ्हा, हातानं झुलवायची. आता न घाबरता करून दाखव."

अजून जमलेलं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं हो, फुंकलं असतं की पळाला असता?