शंभरावी हिल्मा

ग्रोहोल्म बेटावर जुलैत पाय ठेवायला जागा नसते आणि नोव्हेंबरात आम्ही नऊजण उरतो. पूर्वी असं नव्हतं. हेरिंग मासा किनाऱ्याला लागायचा तेव्हा इथे घराला घर खेटून माणसं राहायची. मग मासा गेला आणि शहरातले लोक समुद्रस्नानाला आले. त्यांनी घरं विकत घेतली, पांढरीशुभ्र रंगवली आणि ऑगस्ट संपला की कुलपं लावून जाऊ लागले. मला त्यांचा राग येतो, उगाच का लपवू?

माझी शेजारीण हिल्मा ऐंशीची. जन्म इथला, नवराही इथलाच, जहाजांना वाट दाखवणारा. तो गेल्यावर गोथेनबर्ग शहरात राहणारा मुलगा तिचं घर विकायला टपून बसला होता. ती दाद देत नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी बोटकचेरीचं पत्र आलं: नोव्हेंबर ते मार्च आमच्या धक्क्यावरून शंभर माणसं चढली नाहीत, तर पुढल्या हिवाळ्यापासून बोट इथे लागणार नाही. बोट नाही म्हणजे टपाल नाही, औषध नाही. मग मुलाचंच खरं झालं असतं.

आमच्या सगळ्यांकडे स्वतःच्या होड्या. बोटीत बसायचं कुणी? दुसऱ्याच दिवशी हिल्मा धक्क्यावर गेली आणि पाटी फिरवली. पाटी फिरवलेली दिसली तरच बोट थांबते. पलीकडे जाऊन तिने कॉफी घेतली, दालचिनीचा पाव खाल्ला आणि दुपारच्या बोटीने परत आली. त्यानंतर वादळ नसेल तेव्हा आठवड्यातून चार-पाच वेळा हेच; दर खेपेला एक माणूस मोजला जायचा. आणि बाईला बोट लागायची! जाताना ओकायची, येताना ओकायची.

"अगं, पाव खातेस कशाला मग? माशांसाठी?" मी म्हणायचो.

"तू गप रे स्टेन. स्वतः एकदा तरी चढलायस का?"

नव्हतो चढलो. दोन हिवाळे तिने एकटीने तारले आणि आम्ही खिडकीतून बघून हसलो. आज लाज वाटते.

या वर्षी मार्चमध्ये तिने अंथरूण धरलं. मी सूप घेऊन गेलो तर सुपाकडे बघेना.

"किती झाले?" तिने विचारलं.

"एक्क्याण्णव."

"नऊ राहिले. जा ना रे, तुम्ही आठजण आहात."

"आठ होतील. दुसऱ्यांदा कुणी चढणार नाही. नववा कोण?"

"मी बरी होते की," ती म्हणाली.

झाली नाही. आम्हीही उद्या जाऊ म्हणत राहिलो. चोवीस तारखेला गेली. त्याच संध्याकाळी वादळ उठलं आणि सहा दिवस बोट फिरकली नाही. तिची शवपेटी आम्ही बोटघरात, तिच्या नवऱ्याच्या वल्ह्यांशेजारी ठेवली. बेट सगळं खडक. माती नाही, म्हणून आमचे मेलेले कायमच बोटीने पलीकडच्या दफनभूमीत जातात.

एकतीस मार्चला, मोजणीच्या शेवटच्या दिवशी, वारा पडला. पाटी मी फिरवली. आठहीजण काळ्या कपड्यांत उभे होतो. कप्तान तूरे माणसं मोजायचं यंत्र मुठीत धरून दारात उभा राहतो, चढणाऱ्या प्रत्येकागणिक बटण दाबतो. आम्ही पेटी पुढच्या डेकवर ठेवली, मग एकेक करून आत गेलो. आठ वेळा टिकटिक झाली. मनात हिशोब सगळ्यांचाच चालला होता: नव्व्याण्णव. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तूरे दोर सोडायला वाकला आणि तसाच थांबला.

"हिल्मामावशी कुठून चढली?" त्याने विचारलं.

"इथूनच," मी म्हणालो.

"चढणारा जिवंत हवा असं मला कुणी लिहून दिलेलं नाही." त्याने पेटीकडे बघत बटण दाबलं.

समुद्र अजून खवळलेलाच होता. अर्ध्या वाटेत मला बोट लागली, कठड्याला धरून मी भडाभडा ओकलो. हिल्मा तेवढी शांत पडून होती.