दोन हार्ड डिस्क आणि कुंकवाचा करंडा

आमच्या मराठी मंडळाची पंचवीस वर्षं मी अर्ध्या मिनिटात पुसून टाकली.

त्यासाठी विशेष ज्ञान लागलं नाही. मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी, एवढं हैदराबादच्या आमच्या बरकतपुऱ्यात पुरेसं होतं. गल्लीत केबल, घरात कॉम्प्युटर आणि प्रत्येक आईच्या तोंडी ‘सॉफ्टवेअर’ हे सगळं एकदमच आलं, तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या पंचविशीची स्मरणिका बाबा घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत होते. एका बोटानं. चार महिने! सोमवारी ती छापखान्यात द्यायची होती आणि शुक्रवारी डिस्क भरली. अध्यक्ष सबनीसकाकांचं मनोगत तेवढं राहिलं होतं. (काकांचं भाषण ज्यांनी ऐकलंय, त्यांना नवी डिस्क का आणावी लागली हे सांगायला नको.)

शनिवारी चौपट जागेची डिस्क आली. दोन्ही जोडायच्या, जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं, असं दुकानदारानं मला समजावलं. मी मान हलवली. न कळलेलं पुन्हा विचारायचं तर तोंड उघडावं लागतं.

जुनी डिस्क बाहेर काढली तर दोघी जुळ्या बहिणी! एकाच कंपनीच्या, आणि वर दुकानाचे एकसारखे स्टिकर. पण मी हुशार. आई नवीला कुंकू लावणारच होती. आमच्याकडे मिक्सरपासून स्कूटरपर्यंत कुंकवाशिवाय काही चालू होत नाही. म्हणजे कुंकू असेल ती नवी! स्वतःवर खूश होऊन मी स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.

परत आले तर दोघींच्या कपाळी कुंकू.

आई स्वयंपाकघरात भजी तळत होती. समोर बाबा आणि मुद्दाम बघायला आलेले सबनीसकाका. ‘कुठली नवी?’ असं विचारायचं म्हणजे हैदराबादेतल्या समस्त मराठी समाजापुढे अडाणी ठरायचं. मी नीट पाहिलं. एकीवर कुंकवाचं बोट जरासं टेकवलेलं, दुसरीवर हळद, कुंकू, अक्षता, वर जास्वंद. एवढा थाट नवीचाच असणार! तिला मी दोन नंबरला जोडलं.

कॉम्प्युटरनं विचारलं, एकवरून दोनवर? मी ‘हो’ दाबलं. (पडद्यावर दोन्हींचे आकारही लिहिले होते म्हणे. पण जास्वंदीपुढे आकडे कोण वाचतो!)

अर्ध्या मिनिटात काम फत्ते.

“बघा काका,” बाबा म्हणाले, “इंग्रजी शाळेत घातल्याचा फायदा!”

रिकामं घर हलवायला वेळ लागत नाही, हे मला पुढच्या मिनिटाला कळलं. दोन्ही डिस्क धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ होत्या. मी तडक स्वयंपाकघरात.

“आई, जुनीला कुंकू का लावलंस?”

“मग? इतकी वर्षं राबली ती, आणि मान तेवढा नवीला? मी तर जुनीलाच जास्त लावलं. फूलसुद्धा वाहिलं.”

मी तिथेच बसले. बाहेर काका विचारत होते, “मग आता मनोगत घालायचं ना?” आणि बाबांनी चष्मा काढला होता. ते कधी ओरडत नाहीत. नुसते चष्मा पुसत राहतात. त्या दिवशी इतका पुसला की काच झिजेल असं वाटलं.

शेवटी मलकपेठेतल्या नईमभाईंना मीच फोन केला. बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आले, डिस्क उचलली आणि थबकले.

“दोनों को टीका? शादी करा दिए क्या इनकी?”

मी मान खाली घातली.

“इसके बाद कुछ लिखे तो नईं ना इसके ऊपर?”

“नईं.”

“तो परेशान नक्को होओ बेटी. सब अंदरीच है.”

तीन तास ते मान मोडून बसले. आईनं सगळी भजी त्यांच्यापुढे ठेवली. एकेक फाइल वर येत गेली, पण नावं गेलेली, नुसते नंबर. आणि बाबांनी सजवलेले मथळे एका ठिकाणी, मजकूर दुसऱ्या! प्रत्येक फाइल उघडून, वाचून, जोडी लावायची होती. निघताना नईमभाई आईला एवढंच म्हणाले, “अम्मा, अगली बार एकीच को लगाओ.”

चूक माझी, म्हणून वाचायला मी बसले. माझं मराठी म्हणजे दुकानांच्या पाट्यांपुरतं. अख्खा रविवार मी पडद्यावर बोट ठेवून अक्षरं लावत होते आणि लाजत होते. बाबा शेजारी येऊन बसले.

“बोट ठेवूनच वाच,” ते म्हणाले. “मीही एका बोटानंच लिहिलंय.”

त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. आज हे मराठीत लिहितेय, तेही त्या रविवारमुळेच.

सोमवारी स्मरणिका वेळेवर छापखान्यात गेली, अध्यक्षांच्या मनोगतासकट. छापून घरोघर पोचली त्या सकाळी सबनीसकाकांचा फोन आला.

“अगं, मी गेल्याचं मला आत्ताच कळलं.”

कार्यकारिणीच्या अकरा नावांवर मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हा मथळा लावला होता!

“रागावू नकोस हं स्वतःवर,” काका म्हणाले. “सकाळपासून इतके फोन आलेत! माझ्याबद्दल लोकांचं एवढं चांगलं मत आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.”

मराठीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मी वाचलेलं ते पहिलं पुस्तक. त्यात अकरा माणसं मेली, आणि अकराही मी मारली!