ईस्टर सोडलेली सुलक्षणा

सुलक्षणा जन्मली दौंडला, रेल्वेच्या चाळीत. वडील रोहिदास लाइनीवर गँगमन होते. आई विठाबाई देवळाची, म्हणजे त्यांच्या चर्चची, झाडलोट करायची. ईस्टरला उजाडायच्या आत सगळी मंडळी ख्रिस्ती कबरस्तानात जमायची. चुना दिलेल्या कबरींवर मेणबत्त्या लागायच्या, पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, येशू कबरीतून उठल्याचा, पुनरुत्थानाचा अध्याय वाचायचे. लग्न होऊन शिरूरला गेल्यावरही सुलक्षणा त्या पहाटेला हटकून माहेरी असायची.

शिरूरला ती एका नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागली. भाड्याच्या हॉलमध्ये ब्रदर सर्जेराव शिकवत. ते म्हणाले, "आपल्या बायबलात ईस्टर हा शब्द दाखवा मला. ते परक्या देवीचं नाव आहे. प्रभूनं वल्हांडणाच्या, यहुद्यांच्या त्या सणाच्या, रात्री शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि माझी आठवण करा म्हणाला. तेवढंच पाळायचं."

सुलक्षणानं तीन महिने बायबल चाळलं. शब्द सापडला नाही. मग तिनं ईस्टर सोडला.

रोहिदास तिच्याशी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपुन कवा देवीचं नाव घेतलंय गं? आपुन पुनरुत्थानाचा दिवस म्हणतो. पहिल्या ख्रिस्ती लोकांतबी वाद झाला व्हता, पाळकांनी सांगितलंय. कुणी वल्हांडणाचा दिवस, म्हंजी यहुदी म्हैन्याचा चौदावा, धरायचं, कुणी रविवार. म्हणून येकमेकांचं तोंड बघायचं सोडलं न्हवतं त्यांनी."

दोन वर्षं ती ईस्टरला दौंडला गेली नाही. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत विठाबाईचं अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. ईस्टरच्या आदल्या दिवशी रोहिदासांचा फोन आला.

"सारखी दाराकडं बघती. उद्या ये. कबरस्तानात नको येऊस, घरी ये."

सुलक्षणानं पिशवी भरली आणि मग ब्रदरना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आईला भेटायला कोण नको म्हणतंय? पण उद्या गेलीस तर सण पाळल्यासारखंच होईल. सोमवारी जा."

एका दिवसानं काय फरक पडतो, असं तिनं स्वतःला समजावलं. पिशवी तशीच दाराशी राहिली.

रविवारी साडेआठला पुन्हा फोन वाजला. कबरस्तानातून मंडळी परतली तेव्हा विठाबाई गेलेली होती.

"ये आता," रोहिदास म्हणाले. "आता कुठला सण न्हाई."

न्हावऱ्यावरून एसटीनं ती दुपारी पोचली. संध्याकाळी, सकाळच्या मेणाचे ओघळ अजून कबरींवर होते तिथंच, आईला माती दिली. परतताना तिनं विचारलं, "आबा, तिनं वाट बघितली का?"

खोटं बोलणं रोहिदासांना कधी जमलंच नव्हतं. "व्हय," ते म्हणाले.

आठवड्यानं ब्रदर सर्जेराव प्रार्थनेला घरी आले. सुलक्षणानं त्यांना पाणी दिलं, आणि विचारलं, "सोमवारी जा, हे कुठल्या अध्यायात होतं?"

"देवाची इच्छा, ताई."

ती परत त्या हॉलमध्ये गेली नाही. जुन्या चर्चमध्येही तिला बसवेना. त्या बाकांवरच्या बायका प्रेमानं जवळ सरकायच्या, आणि तेच तिला सोसायचं नाही.

आता ईस्टरच्या आदल्या दिवशी ती दौंडला येते. पहाटे रोहिदास सदरा घालून दाराशी थांबतात. "येतीस का?"

"न्हाई आबा."

ते एकटे जातात. ती घरात बसून तोच अध्याय वाचते. गेल्या वर्षी ते परतल्यावर भाकरी वाढताना ती म्हणाली, "आबा, त्या बाया सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीकडं निघाल्या, तवा त्यांना कुठं ठाऊक व्हतं आज कसला दिवस हाय? मेलेल्या माणसाला शेवटचा हात लावायला निघाल्या व्हत्या त्या. अंधारातच निघाल्या. कुणाला विचारलं न्हाई."

रोहिदासांनी घास ताटात ठेवला. तिची समजूत घालायला काहीतरी बोलावं, असं त्यांना फार वाटलं. पण तोवर सुलक्षणा दुसरी भाकरी थापायला चुलीकडे वळली होती.